पातळ पोलादी पर्लिन वाकताना नेमकी कुठे आणि कशी बिघडते : ‘सीयूएफएसएम’ या मोफत संगणकप्रणालीचे परीक्षण

कारखान्यांच्या आणि गोदामांच्या शेडमध्ये राफ्टरवर, म्हणजे छपराच्या तिरप्या मुख्य तुळयांवर, आडव्या बसवलेल्या झेड आणि सी आकाराच्या पर्लिनी साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यापासून थंड अवस्थेत रोल करून घडवलेल्या असतात. भट्टीतून येणाऱ्या जाड चॅनेल किंवा आय-बीमसाठी शिकलेली वाकण्याची साधी गणिते त्यांना लावली, तर उत्तर अनेकदा धोकादायकरीत्या जास्त येते. जाड छेदामध्ये वाकण्याचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, वाढत गेला की पोलाद यील्ड होते, म्हणजे कायमचे विकृत होऊ लागते, आणि तोपर्यंत छेदाचा आकार जवळजवळ तसाच राहतो, हे गृहीत चालून जाते. पातळ छेदामध्ये मात्र यील्ड होण्याच्या पुष्कळ आधी दाबाखालचा भाग लाटांसारखा उठू लागतो, किंवा लिपसह, म्हणजे कडेच्या छोट्या दुमडीसह, अख्खी फ्लँज, म्हणजे छेदाची वरची किंवा खालची आडवी पट्टी, कोपऱ्यापाशी फिरते, किंवा संपूर्ण पर्लिन बाजूला सरकून पीळ खाते. यांपैकी कोणता प्रकार आधी घडेल आणि किती मोमेंटला घडेल, हे सांगणाऱ्या ‘सीयूएफएसएम’ या मोफत प्रणालीचे हे परीक्षण आहे. शेडच्या डिझाइनमध्ये मी ती नियमित वापरतो, आणि पर्लिनचे डिझाइन केवळ तयार तक्त्यांवर करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने ती एकदा तरी उघडून पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

या प्रणालीचे मूळ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात आहे आणि तिच्या नावातील पहिली दोन अक्षरे सुरुवातीला त्या विद्यापीठाचीच होती. पातळ पोलादी छेदांच्या संशोधनात कॉर्नेलचे स्थान वेगळे आहे. जॉर्ज विंटर यांनी तेथे १९३९ पासून केलेल्या प्रयोगांच्या आधारावर अमेरिकन आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटची अशा छेदांसाठीची पहिली संहिता, म्हणजे डिझाइनची नियमावली, १९४६ मध्ये निघाली. पुढे त्याच विद्यापीठात टेओमान पेकोझ यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या बेन शेफर यांनी ही प्रणाली लिहिली, आणि ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाल्यानंतर तिचा विकास तेथे चालू राहिला. प्रणाली विनामूल्य आहे आणि तिचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला आहे. जे गणित आपण डिझाइनच्या कागदांवर उतरवणार आहोत, ते आत कसे केले जाते हे वाचून पडताळता येते, ही गोष्ट मला किमतीइतकीच महत्त्वाची वाटते.

आत चालणारी पद्धत ‘फायनाइट स्ट्रिप’ या नावाने ओळखली जाते. पर्लिनच्या छेदाचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा पर्लिनच्या पूर्ण लांबीभर जाणारी एक पट्टी आहे असे मानायचे. लांबीच्या दिशेने विकृती साइन-लाटेच्या आकाराची धरली जाते, त्यामुळे त्या दिशेने आणखी तुकडे पाडण्याची गरज उरत नाही. वाय. के. चेउंग यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही कल्पना सिडनी विद्यापीठातील ग्रेगरी हँकॉक यांनी पोलादी बीमच्या बकलिंगसाठी, म्हणजे दाबाखाली फुगण्या-वळण्याच्या अभ्यासासाठी, फार परिणामकारकपणे वापरली. तिचा व्यावहारिक लाभ असा की सर्वसाधारण फायनाइट एलिमेंट प्रणालीमध्ये ज्या पर्लिनसाठी हजारो एलिमेंट लागतात, तिचा अभ्यास येथे पंचवीस-तीस पट्ट्यांमध्ये आणि साध्या लॅपटॉपवर काही क्षणांत होतो.

ही प्रणाली जे दाखवते त्याचे मोल कळण्यासाठी आधी हाताने करता येणारे एक छोटे गणित पाहावे. सपाट पत्रा कडांना आधार देऊन दाबला, तर तो कोणत्या प्रतिबलाला, म्हणजे स्ट्रेसला, बकल होईल याचे सूत्र जी. एच. ब्रायन यांनी १८९१ मध्ये दिले. त्यात पत्र्याची जाडी आणि रुंदी यांच्या गुणोत्तराचा वर्ग येतो, आणि कडांच्या आधारावर अवलंबून असणारा एक गुणांक येतो. दोन मिलिमीटर जाडीची आणि साठ मिलिमीटर रुंदीची फ्लँज घेऊ. तिची एक कड वेबला, म्हणजे छेदाच्या उभ्या पट्टीला, जोडलेली असून दुसरी मोकळी असेल तर गुणांक सुमारे ०.४३ असतो आणि बकलिंगचे प्रतिबल जेमतेम ८६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर निघते. मोकळ्या कडेला पुरेशी ताठ लिप दिली की गुणांक ४ होतो आणि तेच प्रतिबल ८०० च्या वर जाते. पर्लिनच्या पत्र्याची यील्ड मर्यादा बहुधा ३५० च्या आसपास असते. म्हणजे लिप नसलेली फ्लँज यील्डच्या पाव भागालाच लाटा घेऊ लागते, आणि लिप असलेल्या फ्लँजला स्वतःपुरती ती भीती उरत नाही. वीस मिलिमीटरच्या त्या छोट्याशा दुमडीने सुमारे नऊपट फरक पडतो. लिपची लांबी वाचवून वजन कमी करण्याचे प्रस्ताव पुरवठादारांकडून येतात, तेव्हा हा आकडा समोर ठेवला पाहिजे.

तरीही हाताचे गणित येथेच अडते. लिप पुरेशी ताठ आहे असे आपण नुसते मानले. ती खरोखर पुरेशी आहे का, हे ब्रायनचे सूत्र सांगत नाही. शिवाय वेब, फ्लँज आणि लिप या सुट्या पट्ट्या नसतात. एकीला बकल व्हायचे असेल तर ती शेजारणीला कोपऱ्यात फिरवू पाहते आणि शेजारीण तिला अडवते. सीयूएफएसएम अख्खा छेद एकत्र घेऊन हिशेब करते, आणि तिची खरी कामगिरी येथून सुरू होते.

छेदाची मापे, पोलादाचे गुणधर्म आणि प्रत्येक बिंदूवरील प्रतिबल दिले की प्रणाली एक वक्र काढते, ज्याला या विषयातील लोक ‘सिग्नेचर कर्व्ह’ म्हणतात. आडव्या अक्षावर लाटेची अर्धी लांबी असते आणि उभ्या अक्षावर भारगुणक असतो. संदर्भ म्हणून आपण यील्ड मोमेंट दिला असेल, तर भारगुणक ०.८ याचा अर्थ असा की यील्ड मोमेंटच्या ८० टक्क्यांवर तो छेद त्या लांबीच्या लाटेत बकल होईल. लिप असलेल्या सी किंवा झेड छेदाच्या वक्रात बहुधा दोन दऱ्या आणि शेवटी एक लांब उतार दिसतो. पहिली दरी छेदाच्या उंचीहून लहान लाटेपाशी असते. तेथे कोपरे जागच्या जागी राहतात आणि मधले सपाट भाग आतबाहेर फुगतात. हे स्थानिक बकलिंग होय. दुसरी दरी त्याहून कित्येक पट लांब लाटेपाशी, दोनशे-अडीचशे मिलिमीटर उंचीच्या पर्लिनमध्ये साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास, असते. तेथे दाबाखालची फ्लँज आणि तिची लिप मिळून वेबच्या कोपऱ्याभोवती फिरतात, छेदाचा मूळ आकारच बदलतो आणि याला डिस्टॉर्शनल बकलिंग म्हणतात. त्यापुढे उतार सुरू होतो. त्या टोकाला छेदाचा आकार अबाधित राहून संपूर्ण पर्लिन बाजूला जाते आणि पीळ खाते. म्हणजेच लॅटरल-टॉर्शनल बकलिंग.

वक्रावरील कोणत्याही बिंदूवर जाऊन त्या ठिकाणचा विकृत छेद पडद्यावर पाहता येतो, हवा तर तो त्रिमितीतही फिरवून पाहता येतो. माझ्या दृष्टीने या प्रणालीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. भारगुणकाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही; तो कोणत्या आकाराचा आहे हे कळल्याशिवाय त्याचा डिझाइनसाठी उपयोग करता येत नाही. हे म्हणणे अतिशयोक्त वाटू नये म्हणून भारगुणकावरून अंतिम ताकद काढणाऱ्या ‘डायरेक्ट स्ट्रेंग्थ मेथड’ या पद्धतीची सूत्रे घेऊन हिशेब करून दाखवतो. ही पद्धत शेफर आणि पेकोझ यांनी १९९८ मध्ये मांडली, २००४ मध्ये ती उत्तर अमेरिकेच्या संहितेत परिशिष्ट म्हणून आली आणि २०१६ च्या आवृत्तीत मुख्य भागात सामील झाली.

समजा, एका पर्लिनचा बकलिंगचा भारगुणक ०.५ आला, म्हणजे निव्वळ लवचीक सिद्धान्तानुसार ती यील्ड मोमेंटच्या निम्म्यावर बकल होते. हे बकलिंग स्थानिक असेल, तर सूत्रानुसार पर्लिनची अंतिम ताकद यील्ड मोमेंटच्या सुमारे ६७ टक्के येते. तेच डिस्टॉर्शनल असेल, तर ती सुमारे ६० टक्के येते. आणि लॅटरल-टॉर्शनल असेल, तर अवघी ५० टक्के. आकडा तोच, पोलाद तेच, वजन तेच, तरी ताकद तीन वेगवेगळ्या ठिकाणी थांबते. कारण असे की स्थानिक बकलिंगनंतर सपाट भागाचा मधला पट्टा भार सोडून देतो, पण कोपऱ्यांजवळचे ताठ पट्टे तो भार उचलत राहतात. थिओडोर फॉन कारमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये मांडलेली आणि विंटर यांनी प्रयोगांनी सुधारलेली ‘इफेक्टिव्ह विड्थ’ची कल्पना याच वस्तुस्थितीवर उभी आहे. डिस्टॉर्शनल बकलिंगमध्ये कोपऱ्याची लिपच जागा सोडते, त्यामुळे भार उचलणारा ताठ पट्टा कमी उरतो. संपूर्ण पर्लिन बाजूला गेली तर भार सोपवायला छेदात कोणीच शिल्लक नसते. ज्या प्रणाली फक्त ‘पास’ किंवा ‘फेल’ असा शिक्का मारतात, त्या हा फरक अभियंत्यापासून लपवून ठेवतात, आणि म्हणून जाडी वाढवावी, लिप वाढवावी की सॅग रॉडची, म्हणजे पर्लिनींना मध्येच आडवे धरणाऱ्या सळयांची, आणखी एक ओळ द्यावी, हा निर्णय अंदाजावर राहतो.

हा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. अडीचशे मिलिमीटर उंचीची आणि १.६ मिलिमीटर जाडीची पर्लिन घेतली, तर तिची वेब एकटी, साध्या आधारांवर, वाकण्याच्या प्रतिबलाखाली सुमारे १७७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला बकल होईल असे पट्टीचे सूत्र सांगते. जाडी दोन मिलिमीटर आणि उंची दोनशे केली, तर तोच आकडा ४३२ होतो. प्रत्यक्ष छेदात फ्लँजचा आधार मिळाल्याने दोन्ही आकडे काहीसे वर जातात, आणि किती वर जातात हे प्रणाली सांगते. पण प्रवृत्ती स्पष्ट आहे. उंच आणि पातळ पर्लिन कागदावर सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारावरून येणारे वाकण्याच्या ताकदीचे माप, भरपूर दाखवते आणि वजनाला हलकी पडते, म्हणून ती स्वस्त वाटते. तिच्या वेबची किंमत मात्र या वक्राच्या पहिल्या दरीत मोजावी लागते. याउलट अडचण दुसऱ्या दरीत असेल, तर जाडी न वाढवता लिप थोडी लांब केल्याने भारगुणक लक्षणीय वर जातो, मात्र लिप वाजवीपेक्षा लांब केली की ती स्वतःच स्थानिक बकलिंगला बळी पडते आणि पहिली दरी खोल होऊ लागते. पाच-पाच मिलिमीटरने लिप बदलत दोन्ही दऱ्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे, हे काम या प्रणालीत इतके सहज होते की विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी याहून चांगले साधन मी पाहिलेले नाही.

सॅग रॉडबद्दलचा एक पक्का गैरसमजही येथे दूर होतो. सहा मीटरच्या गाळ्यात मध्ये दोन ठिकाणी सॅग रॉड दिले की पर्लिन ‘बांधली गेली’ असे साइटवर मानले जाते. लॅटरल-टॉर्शनल बकलिंगपुरते ते बरेच खरे आहे, कारण मोकळी लांबी दोन मीटरवर येते आणि वक्राच्या उताराचे शेपूट कापले जाते. तेही रॉड दाबाखालच्या फ्लँजला धरून ठेवत असतील तरच. पण अर्धा मीटर लांबीची डिस्टॉर्शनल लाट त्या दोन मीटरमध्ये आरामात बसते आणि रॉडमुळे तिला काहीही अडथळा होत नाही. तिला अडवू शकतो तो फ्लँजवर स्क्रूने घट्ट बसवलेला छपराचा पत्रा, आणि त्याचा फिरण्याविरुद्धचा आधार स्प्रिंग म्हणून प्रणालीत देता येतो.

पण हा आधार पर्लिनच्या वरच्या फ्लँजलाच मिळतो. छपरावर वजन असते तेव्हा मधल्या भागात वरची फ्लँज दाबाखाली असते आणि पत्र्याची मदत नेमकी हवी तेथे होते. वाऱ्याने छप्पर वर ओढले गेले की खालची फ्लँज दाबाखाली येते, आणि तिला धरणारे काहीच नसते. आयएस ८७५ या भारतीय संहितेच्या वाऱ्याविषयीच्या तिसऱ्या भागात मुंबई आणि नागपूर यांच्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद आणि पुण्यासाठी ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, इतर गुणांक समान धरले, तर पुण्याचे सुमारे ९१० न्यूटन प्रति चौरस मीटर मुंबईत सुमारे ११६० होतात. हलक्या पत्र्याच्या छपराचे स्वतःचे वजन याच्यापुढे किरकोळ असते. म्हणून आपल्याकडच्या शेडच्या पर्लिनमध्ये उलट्या दिशेने वाकण्याची अवस्था अनेकदा निर्णायक ठरते, आणि तिच्यासाठी प्रणालीत स्वतंत्र विश्लेषण करणे अत्यावश्यक आहे. येथे एक सावधगिरी हवी : या प्रणालीत दाबाचे प्रतिबल धन धरले जाते. पुष्कळ अभियंत्यांची सवय नेमकी उलट असते. चिन्हाची गफलत झाली की आधार असलेली फ्लँज दाबाखाली आहे असे मानून प्रणाली निर्धास्त उत्तर देते, आणि वक्राचा आकार इतका नेहमीसारखा दिसतो की शंकाही येत नाही. विकृत छेदाचे चित्र पाहणाऱ्याला मात्र लाट वर आहे की खाली हे एका नजरेत कळते.

भारतीय संहितेशी या प्रणालीचे नाते थोडे अवघड आहे. थंड घडवलेल्या पातळ छेदांसाठी आपल्याकडे आयएस ८०१ ही १९७५ ची संहिता आहे. ती वर्किंग स्ट्रेस, म्हणजे नेहमीच्या भाराखालचे प्रतिबल मर्यादेत ठेवण्याच्या, पद्धतीची असून तिची सूत्रे किलोग्रॅम आणि सेंटिमीटरमध्ये आहेत. इफेक्टिव्ह विड्थची कल्पना तिच्यात आहे, लिपच्या किमान ताठपणाची अटही आहे. डिस्टॉर्शनल बकलिंगसाठी मात्र स्वतंत्र तपासणी नाही. आयएस ८०० ही २००७ ची संहिता छेदांचे प्लॅस्टिक, कॉम्पॅक्ट, सेमी-कॉम्पॅक्ट आणि स्लेंडर असे वर्ग करते, पण पर्लिनसारखे पातळ छेद शेवटच्या वर्गात जातात आणि तेथून वाचकाला आयएस ८०१ कडेच पाठवले जाते. अशा परिस्थितीत सीयूएफएसएमचे निष्कर्ष थेट भारतीय संहितेच्या सूत्रांत बसत नाहीत. मी संहितेची तपासणी वेगळी करतो, डायरेक्ट स्ट्रेंग्थ मेथडची तपासणी वेगळी करतो, आणि दोहोंपैकी कमी येणारी ताकद धरतो. काम थोडे वाढते, पण १९७५ नंतर पत्रे पातळ होत गेले, यील्ड मर्यादा वाढत गेली आणि त्यामुळे बकलिंगचे महत्त्व तेव्हापेक्षा कितीतरी वाढले आहे, हे लक्षात घेतले तर हे वाढीव काम टाळण्याजोगे नाही.

झेड छेदाच्या बाबतीत आणखी एक जागा नीट समजून घ्यावी लागते. झेडचे मुख्य अक्ष वेबशी तिरके असतात, त्यामुळे त्याला उभा भार दिला आणि मोकळे सोडले तर तो खाली वाकतो तसाच बाजूलाही सरकतो. प्रतिबल भरण्याच्या पानावर बाजूचे सरकणे रोखलेले आहे की मोकळे आहे, असे दोन पर्याय दिलेले आहेत, आणि दोहोंमध्ये फ्लँजवरील प्रतिबलाची वाटणी पूर्णपणे बदलते. पहिल्या पर्यायात फ्लँजभर समान प्रतिबल असते. दुसऱ्यात ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जाते. पत्रा नीट स्क्रू केलेल्या छपरासाठी पहिला पर्याय योग्य आहे. पत्रा क्लिपवर सरकता बसवलेल्या छपरात पत्र्याचा हा आधार गृहीत धरण्याआधी विचार करावा लागतो. प्रणाली हा विचार आपल्यासाठी करत नाही, आणि मला ते योग्यच वाटते.

आता उणिवा. मांडणी जुन्या धाटणीची आहे. छेदाचे बिंदू आणि पट्ट्या आकड्यांच्या तक्त्यांमध्ये भराव्या लागतात. सी आणि झेडसाठी तयार साचा आहे, पण वेबमध्ये खाच असलेला किंवा दुहेरी दुमडलेल्या लिपचा छेद काढायचा असेल तर निर्देशांक स्वतःच मोजून लिहावे लागतात. एककांचा कुठेही उल्लेख नसतो. न्यूटन आणि मिलिमीटर धरले तर सर्व ठिकाणी तेच धरायचे, ही जबाबदारी वापरणाऱ्याची आहे, आणि सुरुवातीला आलेली उदाहरणे किप आणि इंचांत असल्याने नवख्या माणसाचा गोंधळ होतो. पोलादाचा लवचीकता-गुणांक बदलायला विसरला तर येणारे उत्तर निरर्थक असते. प्रणाली मॅटलॅब या गणिती संगणकभाषेत लिहिलेली आहे. मॅटलॅब नसणाऱ्यांसाठी स्वतंत्र चालणारी आवृत्ती आहे, मात्र तिच्यासोबत मॅटलॅबची नेमक्या आवृत्तीची मोफत रनटाइम संगणकावर बसवावी लागते, आणि चुकीची आवृत्ती बसवली की प्रणाली उघडतच नाही. पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांसाठी ‘पायसीयूएफएसएम’ हा वेगळा प्रकल्प उपलब्ध आहे. अनेक छेद एकामागून एक तपासायचे असतील तर तो मार्ग अधिक सोयीचा पडतो.

प्रणालीच्या मर्यादा या उणिवांहून गंभीर आहेत, कारण त्या चित्रात दिसत नाहीत. विश्लेषण लवचीक आणि रेषीय बकलिंगचे आहे. पोलादाचे यील्ड होणे, रोलिंगमुळे आलेले अंगभूत प्रतिबल, पत्र्याचा मूळचा वाकडेपणा, यांचा त्यात समावेश नाही. ते सर्व डायरेक्ट स्ट्रेंग्थच्या सूत्रांमध्ये प्रयोगांच्या आधारे येते. पडद्यावर दिसणाऱ्या विकृतीचे प्रमाण खरे नसते, केवळ आकार खरा असतो, आणि ‘पर्लिन इतके मिलिमीटर फुगेल’ असे त्यावरून कोणी सांगू लागला तर ते चूक आहे. छेद पूर्ण लांबीभर सारखा असावा लागतो. प्रतिबलही लांबीभर सारखे धरले जाते, प्रत्यक्षात मात्र मोमेंट मधून टोकाकडे बदलत जातो. क्लीटपाशी, म्हणजे पर्लिन राफ्टरला जोडणाऱ्या तुकड्यापाशी, किंवा आधारावर एकवटलेल्या भाराने वेब चिरडली जाते, त्याचा येथे विचारच नाही, आणि सलग पर्लिनच्या आधारांवर ही तपासणी वगळून चालत नाही. दोन झेड एकमेकांत बसवून केलेला लॅप, त्यातील बोल्टच्या छिद्रांचा सैलपणा, या गोष्टीही बाहेरच राहतात.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. रुंद आणि पातळ फ्लँज असलेली पर्लिन वाकते तेव्हा बकलिंग होण्याच्या आधीच फ्लँजचे मोकळे टोक हळूहळू छेदाच्या मध्याकडे वळू लागते. वाकलेल्या तुळईत दाबाचे आणि ओढीचे दोन्ही पट्टे वक्र झालेले असतात, आणि वक्र पट्ट्यातील बल त्या पट्ट्याला आतल्या बाजूस ढकलते. एल. जी. ब्रेझियर यांनी १९२७ मध्ये पातळ नळीच्या बाबतीत दाखवले की याच कारणाने वाकणारी नळी चपटी होत जाते आणि तिची ताकद त्यातूनच संपते. सीयूएफएसएम बकलिंगच्या क्षणापर्यंत छेद मूळच्या आकारात आहे असे मानते, म्हणून हा हळूहळू होणारा बदल तिच्यात दिसत नाही. नेहमीच्या मापांच्या पर्लिनमध्ये तो नगण्य असतो. रुंद सपाट तळाच्या छपरी पत्र्यात किंवा डेकिंगमध्ये मात्र त्याची वेगळी दखल घ्यावी लागते.

काही छेदांमध्ये दुसरी दरी वक्रावर दिसतच नाही. ती पहिल्या दरीत किंवा पुढच्या उतारात विरून जाते, आणि मग डिस्टॉर्शनलचा आकडा कोठून घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो. यासाठी शांडोर आदानी आणि शेफर यांनी विकसित केलेली ‘कन्स्ट्रेन्ड’ पद्धत प्रणालीत आहे. ती विकृतीला स्थानिक, डिस्टॉर्शनल, ग्लोबल आणि इतर अशा गटांत वेगळे करते आणि प्रत्येक गटाचा वक्र स्वतंत्रपणे काढून देते. प्रणालीच्या नावातील अक्षरांचा आजचा अर्थही याच पद्धतीशी जोडलेला आहे. हे साधन उत्तम आहे, पण कोपरे गोल दाखवलेल्या छेदात ते नीट चालत नाही. गोलाईतील बारीक पट्ट्यांमुळे वर्गीकरण बिघडते. म्हणून या कामासाठी कोपरे टोकदार ठेवून वेगळा नमुना करावा लागतो, आणि मूळ विश्लेषणाशी त्याची लाटेची लांबी जुळवून घ्यावी लागते. पहिल्यांदा वापरणाऱ्याला हे कोणी सांगितले नाही, तर तो विचित्र आकडे पाहून हताश होतो.

पर्यायांमध्ये लिस्बनमधील संशोधकांची ‘जीबीटीयूएल’ ही मोफत प्रणाली जरूर पाहावी. ती जनरलाइज्ड बीम थिअरीवर चालते आणि विकृतीचे घटक वेगळे करण्यात अधिक सुबक आहे, मात्र तिच्यामागची सैद्धान्तिक तयारी जास्त लागते. सिडनीमधील ‘थिन-वॉल’ हा फायनाइट स्ट्रिपचाच दुसरा मार्ग आहे. मोठ्या फायनाइट एलिमेंट प्रणालींमध्ये हे सर्व आणि याहून पुष्कळ करता येते. पण एका पर्लिनच्या लिपची लांबी ठरवण्यासाठी त्यांचा परवाना विकत घेणे छोट्या सल्लागार कार्यालयाला परवडणारे नाही, आणि तेथे शेकडो बकलिंग आकारांच्या यादीतून हवा तो आकार शोधणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना, शेडचे डिझाइन करणाऱ्या तरुण अभियंत्यांना आणि स्वतःचे छेद रोल करणाऱ्या छोट्या उत्पादकांना मी ही प्रणाली निःसंकोचपणे सुचवेन. सुरुवात आपल्या हातातल्या एखाद्या सी छेदापासून करावी. त्याची लिप काढून टाकून एक वक्र काढावा, लिप लावून दुसरा काढावा, आणि दोन्हींमधील पहिल्या दरीची खोली वर दिलेल्या हाताच्या गणिताशी ताडून पाहावी. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण फरक कोणत्या बाजूला आहे आणि शेजारच्या पट्टीच्या आधारामुळे तो का आला, हे सांगता आले पाहिजे. दाबाखालच्या फ्लँजमध्ये किमान चार पट्ट्या ठेवाव्यात. डिझाइनची कागदपत्रे तपासणीसाठी पाठवताना केवळ भारगुणकांचा तक्ता न जोडता प्रत्येक भारगुणकासोबत त्याच्या विकृत छेदाचे चित्र आणि लाटेची लांबी जोडावी, म्हणजे वाऱ्याच्या उलट्या भारासाठी खालचीच फ्लँज दाबाखाली घेतली आहे हे तपासणाऱ्यालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.